बांधाचं खाणं

"समुद्रानं काठावर टाकलेलं उचलायचं नसतं. ते बांधाचं खाणं आहे. बांध उपाशी राहिला, की एक दिवस तुझ्या दारात येऊन आडवा पडेल."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी माझ्या पोरीचं, टिकलीचं, नाक पुसत होते. मी हसले. नुसती हसून गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली बाई गप्प बसते होय? मी त्यांना समजावून सांगितलं.

"आई, शेवाळ म्हणजे सडका पाला. त्यात किडे होतात, वास सुटतो. गोळा करून खत केलं तर वाईट काय?"

"खत कुणाला?"

"झाडांना."

"आणि बांधाला काय?"

"बांध म्हणजे नुसती वाळू हो. वाळू काही खात नाही."

"बरं बाई. तू शिकलेली." एवढं म्हणून त्या सुकत घातलेले मासे उलटे करायला उठल्या. आमच्या घरात 'तू शिकलेली' म्हटलं की बोलणं संपतं. जिंकलं कोण, ते मागाहून कळतं.

आमच्या घरापुढे बांध होता आणि बांधापुढे समुद्र. बांध कुणी बांधला नव्हता. वाऱ्यानं आणलेली वाळू, तिच्यावर पसरलेल्या वेली, आणि पायथ्याशी भरतीनं टाकलेल्या तपकिरी शेवाळाची जाड ओली गादी. दीड पुरुष उंच होता तो. त्याच्या आडोशाला मासे धरणाऱ्यांच्या घरांची ओळ होती. एकेकानं घर विकलं आणि हमरस्त्यापलीकडच्या कॉलनीत गेला. तिथे नळाला पाणी होतं, भिंतींना रंग होता, समुद्र तेवढा नव्हता. राहिलं आमचं एक, खाडीच्या तोंडाशी, शेवटचं. टिकलीचा बाबा मोठ्या ट्रॉलरवर खलाशी, चार-चार महिने पाण्यावर. त्याला विचारल्याशिवाय सासूबाई घर विकणार नव्हत्या, आणि त्यानं 'विक' म्हटलं असतं तरी विकणार नव्हत्या.

विकलेल्या जागेवर आठ बंगले उठले. समोरून सगळी काच, मागून मातीच्या रंगाचा गिलावा, म्हणजे गरिबीसारखं दिसावं पण लागू नये. फाटकावर पाटी होती, 'समुद्राशी नातं जपणारी जबाबदार घरं'. समुद्राशी कसलं नातं जपतात? तो काय मामा आहे? प्रत्येक बंगल्याला पोहायचा तलाव, समुद्रापासून पन्नास पावलांवर. बाहेरचे दिवे मंद आणि लाल, का तर कासवांना त्रास नको.

"कासव?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या जन्मात इथे कासव आलं नाही."

"आता येतील," मी म्हटलं. "दिवे लावलेत ना त्यांच्यासाठी."

बंगले बांधणाऱ्या कंपनीनं आमची फाटकी जाळी मागून नेली आणि बंगल्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगली. त्याच महिन्यात चिठ्ठी आली, की वाळूवर जाळी आणि मासे सुकत घातल्यानं समुद्राचं दर्शन बिघडतं, तरी सहकार्य करावं. सासूबाईंनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

"म्हणजे जाळं भिंतीवर चालतं, वाळूवर चालत नाही."

"हो."

"मग आपल्याला कुठे टांगतायत ते बघू."

मासे सुकवायची जागा गेली तेव्हा मला नोकरी लागली. 'किनारा निगा पर्यवेक्षक'. रोज सकाळी बंगल्यांपुढची वाळू दाताळ्यानं ओढून शेवाळ गोळा करायचं, बंगल्यांमागच्या खड्ड्यात नेऊन टाकायचं, आणि मी कागदावर टिकमार्क करून सही ठोकायची. सहा बायका लागणार होत्या. पाच कॉलनीतून मिळाल्या. सहावीसाठी मी सासूबाईंच्या मागे लागले. गुडघा दुखतो त्यांचा, मला माहीत होतं. सडा घातलेल्या अंगणासारख्या किनाऱ्याचं त्यांना काही कौतुक नव्हतं, तेही माहीत होतं. पण टिकलीच्या छातीत घरघर होती, औषधं चालू होती, आणि काम घरापासून हाकेच्या अंतरावर.

"सडका पाला उचलायचा ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मी काय म्हटलं होतं ते ऐकलं होतंस ना?"

"हो."

"मग ठीक आहे. दाताळं आणलंस का, का तेही मीच करू?"

पहिल्याच दिवशी बायकांनी त्यांचं नाव 'फणी' ठेवलं. दाताळं सगळ्यांना सारखंच, लांब दांड्याचं, लोखंडी दातांचं. बाकीच्या ते वाळूत खुपसून अंगाच्या जोरावर ओढायच्या. चार ओढींत कमरेवर हात. सासूबाई दात वाळूला जेमतेम टेकवायच्या आणि मागे मागे चालत जायच्या, हात न हलवता, चालण्यानंच दाताळं ओढलं जायचं. मागे राहायची ती विंचरलेल्या केसांसारखी वाळू, एक काडी नाही तिच्यात. ओलं शेवाळ फार जड असतं. पाटी डोक्यावर घेतली की खारं पाणी कानामागून पदरात उतरतं, आणि दुपारी तिथे कातडी फाटते. संध्याकाळी मी त्यांच्या मानेला तेल लावायची. त्या म्हणायच्या, "हळू. नाव फणीचं आहे, मान अजून माणसाची आहे."

किनाऱ्याचे सहा तुकडे पाडले होते. शेवटचा, आठव्या बंगल्याच्या कोपऱ्यापासून खाडीपर्यंतचा, सासूबाईंनी मागून घेतला. आमचं घर त्याच तुकड्यामागे होतं. घरात झोपलेली टिकली रडली तर ऐकू यावं, एवढाच हेतू.

पाचही जणी कामचोर होत्या, हे मी तेव्हा लिहूनसुद्धा दिलं होतं. त्यांच्यातली एक पूर्वी चहाची टपरी चालवायची, तिला सगळे चहावालीच म्हणत. कंपनीचा मुकादम पाठमोरा झाला, की ती टाचेनं बांधाच्या पायथ्याशी चर खणायची, शेवाळ त्यात लोटायची, वर वाळू ओढायची आणि पाय झटकायची. मी धरलं तिला.

"हे काय?"

"काय?"

"पुरलंत तुम्ही."

"दिसतंय का?"

"दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं."

"मॅडम," ती म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या, कारण माझ्या लग्नात तिनंच चहा केला होता, "त्या काचेच्या घरातनं जे दिसत नाही ते नसतं. तो खड्डा कुठे आहे माहीत आहे ना? पाटी घेऊन आठदा जायचं? माझी कंबर काय कंपनीनं दिलीय?"

मी कागदावर तिच्या नावापुढे लाल खूण केली. सासूबाईंच्या नावापुढे रोज लिहायची, 'पायथ्यापर्यंत पूर्ण साफ'. आणि सही.

हे सगळं ज्याच्या हाताखाली चालायचं, तो एक तिशीतला माणूस होता. सुती सदरा, पायात मुद्दाम काही नाही. वाळूचे चटके बसले की हळूच सावलीत सरकायचा. त्याच्या दर वाक्यात 'जबाबदार' यायचं, म्हणून बायकांनी त्याचं नावच ते पाडलं. "जबाबदार आला गं, वाका." तो आम्हाला ताई, मावशी म्हणायचा आणि डोळ्यांत बघून बोलायचा, बहुतेक शिकवलं असावं कुठेतरी.

एकदा त्यानं सगळ्या बायकांना आठव्या बंगल्यात नेलं. विक्रीसाठी सजवलेला तो. दारात निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, पायांत चढवायला. चप्पल काढून पिशव्या घालायच्या. त्यानं स्वतः घातल्या नाहीत. सासूबाईंच्या टाचांच्या भेगांत प्लास्टिक अडकून टरकन फाटलं. मुकादमानं दुसरी पिशवी दिली, ती पण फाटली. मग त्या दारातच उभ्या राहिल्या, पाय एकावर एक ठेवून, जागा कमी लागावी म्हणून. टिकली माझ्या कडेवरून वाकली आणि तिनं काचेवर पंजा मारला. पाच बोटं आणि लाळ. एक पोरगी लगेच फडकं घेऊन धावली. मी म्हटलं, "माफ करा." कुणाला म्हटलं, काचेला का पोरीला, मला अजून कळलेलं नाही.

जबाबदार म्हणाला, "हे घर समुद्राला शरण जातं. आम्ही काहीही लादलेलं नाही. मावशी, तुम्ही सांगा ना, तुम्हाला काय वाटतं?"

सासूबाईंनी दारातूनच बघून घेतलं. "पडदे नाहीत?"

"नाही. मुद्दाम."

"मग कपडे कुठे बदलायचे?"

बायका पदर तोंडाला लावून खुसखुसल्या. तोही हसला, वहीत काहीतरी लिहिलं. मग सासूबाई म्हणाल्या, "बांधावर तुम्ही रोपं लावलीत ना ओळीनं, ती नाही धरणार. खाली काही राहिलं नाही त्यांना खायला. पायथ्याचं शेवाळ तेवढं ठेवू द्या, हातभर पट्टा. वरचं सगळं काढू."

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढं सरळ, एवढं मोजून त्या कधी परक्यासमोर बोलत नाहीत.

"किती सुंदर," जबाबदार म्हणाला. "हे स्थानिक शहाणपण आम्हाला जपायचंय. मावशी, एक फोटो?" फोटो काढला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, पायथ्याकडे जरा जास्त लक्ष द्या. मागच्या आठवड्यात एक मॅडम जागा बघायला आल्या होत्या, त्यांच्या पायावर ते उड्या मारणारे किडे चढले. अगदी पायथ्यापर्यंत साफ हवं."

मी घरी येताना सासूबाईंना सांगितलं. मनात होतं, त्या म्हणतील, मी नाही करणार. नाहीतर म्हणतील, तो पट्टा चहावालीसारखा वाळूखाली लोटते. मी काही बोलले नसते. खरंच नसते.

"पायथ्यापर्यंत म्हणाला?"

"हो."

"मग पायथ्यापर्यंत."

"आई, तुम्हीच तर म्हणता—"

"मी सांगायचं ते सांगितलं. त्याला नाही पटलं. आता काम घेतलंय ना? अर्धं काम करून पूर्णाचं नाव सांगायचं, ही चोरी झाली. मासे सुकवले तेव्हाही मी कधी ओला मासा खाली घालून वर सुका ठेवला नाही."

ही आमची माणसं. जग बुडवायचं काम दिलं, तरी नेटकं करतील. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आमच्याच दारापुढच्या बांधाचा पायथा असा खरवडून काढला, की बोट फिरवावं आणि दाणा लागू नये. वेलींच्या मुळ्यांत अडकलेली शेवाळाची दोरीसुद्धा बसून, हातानं सोडवली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय लांब पसरून. मी सावलीत उभी राहून टिकमार्क करत होते. शेवाळात वाळू अडकते, शेवाळ कुजतं, वेली ते खातात, वेली वाळू धरतात. हे मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला शिकले होते, आकृती काढून गुण मिळवले होते. माझ्या डोक्यात ते आकृतीतच राहिलं. शिकलेल्या माणसाएवढं निर्लज्ज जनावर नाही; त्याला माहीत असतं आणि तरी ते विचारतं, परीक्षेला आहे का?

वाऱ्याचे महिने लागले. तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या भरतीला, मी टिकलीला भरवत होते आणि बाहेर पोतं पडल्यासारखा आवाज आला. जड, मऊ. मग दुसरा. दारात आले तर बांध कापला जात होता. लाट येऊन आदळली, फुटली, असं काही नव्हतं. पाणी पायथ्याशी यायचं, चाटून जायचं, आणि वरून पावाच्या लादीसारखा वाळूचा अख्खा तुकडा सुटून खाली बसायचा. वेली उघड्या मुळ्यांनिशी हवेत लोंबत होत्या. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही. माशांच्या बाजारात भाव पडला, की असा चेहरा असायचा त्यांचा.

तीन दिवसांत बांध गेला. फक्त त्यांच्या तुकड्यातला. बाकीच्या पाच तुकड्यांत तो खचला, ओरबाडला गेला, पण उभा राहिला. चहावालीच्या तुकड्यात तर कापलेल्या भिंतीत स्पष्ट थर दिसत होता, वाळू, काळं शेवाळ, वाळू, काळं शेवाळ, चादरी घडी करून ठेवल्यासारखा. जेवढं तिनं पुरलं होतं तेवढं. ज्या पाच नावांपुढे मी लाल खुणा केल्या होत्या, त्या पाच जणींचा बांध शाबूत होता.

सासूबाई तिथपर्यंत चालत गेल्या, तो थर बोटानं उकरून बघितला, आणि परत आल्या.

"तिनं पुरलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"साठी उलटली माझी. कामचोरी शिकायला आता चहावालीकडे जायचं."

मला हसू येईना. त्यांनाही नाही.

चौथ्या दिवशी यंत्रं आली. ट्रकमधून काळे दगड, एकेक म्हशीएवढा. बंगल्यांपुढे भिंत रचली गेली. तिला भिंत म्हणायचं नाही, 'नैसर्गिक दगडी किनार' म्हणायचं, असा निरोप होता. पहिल्या बंगल्यापासून आठव्याच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे संपली. मी चिखलातून जबाबदाराकडे गेले. त्या दिवशी त्याच्या पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट होते.

"आमच्या घरापर्यंत का नाही? चाळीस पावलं तर आहेत."

"ताई, तुमची जागा प्रकल्पात येत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय तिथे एक दगडसुद्धा टाकणं बेजबाबदारपणाचं होईल."

"परवानगी मी देते. आता, इथे."

"मालक मावशींचा मुलगा ना? ते बोटीवर." त्यानं मान तिरकी केली, कुणी गेलं की करतात तशी. "आणि खरं सांगू का, अहवालात थोडं अडचणीचं आलंय."

त्यानं मोबाइलवर दाखवलं. फोटो सासूबाईंचा, वाळूत एक पाय पसरून बसलेल्या, हातात शेवाळाची दोरी. तोंड उन्हाकडे. चांगला आला होता. खाली लिहिलं होतं, 'शेवटच्या भागात स्थानिक कामगाराकडून पायथ्यालगत अतिसफाई झाल्याचे आढळले.' त्याच्या खाली माझे कागद जोडले होते. रोजचे. 'पायथ्यापर्यंत पूर्ण साफ', 'पायथ्यापर्यंत पूर्ण साफ', आणि प्रत्येकावर माझी वळणदार सही.

"तुम्हीच सांगितलं होतं."

"तोंडी ना?" तो मऊ आवाजात म्हणाला. "ताई, मी तुमच्या बाजूनं आहे."

भिंतीनं समुद्र थांबला नाही, सरकला. लाट दगडांवर आपटायची, भिंतीच्या कडेकडेनं धावायची, कोपऱ्यावर वळायची आणि सरळ आमच्या अंगणात. पहिल्यांदा चुलीच्या मागची भिंत ओली झाली. मग पाणी चुलीत आलं. सासूबाईंनी राख काढली, विटा उभ्या करून चूल वर घेतली, आणि म्हणाल्या, "काही नाही. बरी आहे आता." विहिरीचं पाणी मचूळ झालं, मग खारं. आम्ही कॉलनीतून हंडे आणायला लागलो, एक किलोमीटर, फाटकातून. आमची जुनी वाट बंगल्यांच्या आवारात गेली होती. फाटकातून जायला आम्हाला पास होते, गळ्यात घालायचे. रोज हंडा खाली ठेवायचा, पास दाखवायचा, हंडा उचलायचा. फाटकवाला ओळखायचा आम्हाला, लहानपणी आमच्या ओट्यावर झोपलेला. तरी पास.

कंपनीवाले कॉलनीतली एक खोली देतो म्हणाले. कागदावर लिहून द्यायचं होतं, 'स्वेच्छेने स्थलांतर करीत आहोत.' मी कागद घेऊन घरी आले. मला जायचं होतं, खोटं कशाला बोलू? टिकली रात्रंदिवस खोकत होती, अंथरूण दमट, भिंतीला हात लावला की मीठ.

सासूबाईंनी कागद बघितला नाही. त्या पाटी शोधत होत्या.

"कुठे निघालात?"

"खड्ड्यावर. आपलंच नेलेलं आहे, परत आणते. नवं शेवाळ येतंय तेही भिंत अडवते, आपल्याकडे लागत नाही. मग खायला कोण घालणार?"

"आई, बांध नाहीये आता. कुणाला खायला घालता?"

"नाही म्हणून तर. सुरुवात करायला नको? आधी गादी, मग वाळू, मग वेल. माझ्या सासऱ्यांनी एकदा केला होता तयार, मी नवी नवरी होते. पाच वर्षं लागली."

"पाच वर्षं पाणी थांबणार आहे का?"

"बिघडवून निघून जायचं, ते त्यांनी करावं. माझ्या हातनं बिघडलंय, मी बसणार."

मी चार दिवस त्यांच्याबरोबर पाट्या वाहिल्या. खड्ड्यावर 'सेंद्रिय खत प्रकल्प' अशी पाटी होती. खत कधीच झालं नव्हतं. काळं, घाण पाणी, वर माश्यांचा ढग. आम्ही त्यातलं उकरून नेतो, याचा कुणाला काही तोटा होईल अशी शंकाही आली नव्हती. पाचव्या दिवशी फाटकवाला आला.

"मावशी, ते ठेवा. कंपनीचं आहे."

"हे?" सासूबाईंनी पाटी डोक्यावरून न काढता विचारलं. "हे कंपनीनं ओकलंय का?"

"मला का बोलता? माझ्या पोटावर पाय येतो."

"तुझ्या पोटाला माझ्या ओट्यावर किती भाकर गेलीय ते विसरलास. चल, बाजूला हो."

तो बाजूला झाला. संध्याकाळी मला कंपनीच्या ऑफिसात बोलावलं. कंपनीच्या मालमत्तेची चोरी, पर्यवेक्षकाचं संगनमत. पास काढून घेतला. गळ्यातला दोरा मी स्वतः काढून दिला, कारण तिथला माणूस कात्री शोधायला लागला होता.

त्याच आठवड्यात टिकलीला जुलाब सुरू झाले. हंड्यातलं पाणी संपलं होतं, आणि पोरीनं अंगणातलं, लाटेनं आणलेलं, ओंजळीनं प्यायलं. त्यात त्या खड्ड्याचं काळं पाणी झिरपत होतं. मी पाठ फिरवली ती दोन मिनिटं. दोनच. तिसऱ्या उलटीनंतर तिचे डोळे आत गेले आणि ती रडायची थांबली. सासूबाईंनी तिला माझ्या कडेवर दिलं, ओली होऊ नये म्हणून स्वतःची साडी भोवती गुंडाळली, आणि फाटकापर्यंत सोडायला आल्या.

"तुम्ही चला ना आई."

"पोरीला बघ. मी कुठे पळून जातेय?"

"पाणी आत येतंय."

"येतं आणि जातं. उभं राहत नाही."

शहरातल्या दवाखान्यात टिकली आठ दिवस होती. आता बरी आहे, पण डॉक्टरांनी दमट घरात न्यायचं नाही म्हणून बजावलंय. मी दवाखान्याजवळ एक खोली घेतली आहे आणि एका पुस्तकांच्या दुकानात उभी असते. सासूबाईंना माझा जुना मोबाइल देऊन आले होते. रोज संध्याकाळी बोलायच्या. टिकलीचं जेवण विचारायच्या, मग किती पाट्या झाल्या ते सांगायच्या. खड्ड्याला आता कुंपण घातलंय, तर खाडीच्या बाजूनं वाहून आलेलं गोळा करतात म्हणे. मी पाण्याचं विचारलं, की "बरी आहे".

गेल्या गुरुवारपासून मोबाइल लागत नाही.

शनिवारी मी टिकलीला खोलीच्या मालकिणीजवळ ठेवून गेले. फाटकवाल्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "पास."

"माझं घर आहे पलीकडे."

"पास नसेल तर पाहुणे म्हणून नोंद लागते. बंगला घेतलाय का?"

"तू गेला होतास का तिकडे? आई दिसल्या का?"

"आठव्याच्या पुढे आम्हाला जायचं नाही." मग खाली बघून म्हणाला, "जा ताई. कॅमेरा आहे."

वाळूवरून जायचं म्हटलं तर भिंतीपुढे आता वाळूच उरलेली नाही, ओहोटीलाही कंबरभर पाणी आपटतं. दोन वेळा उतरले, दोन वेळा दगडांवर फेकली गेले. पलीकडून खाडी. कॉलनीत चहावालीकडे गेले. ती अजून सकाळी दाताळं ओढायला जाते, आता बंगल्यांच्या आवारात. "बरी असेल गं," ती म्हणाली, "तुझी सासू काय मरतेय." आणि मग भांडी घासायला लागली, स्वच्छ असलेली. पोलिसचौकीत उलट मलाच विचारलं, की सज्ञान बाई स्वतःच्या घरात आहे, तर तक्रार नेमकी कशाची? टिकलीच्या बाबाला निरोप ठेवलाय. बोट किनाऱ्याला लागली की मिळेल.

आता राहिलात तुम्ही.

ते बंगले विकले गेलेले नाहीत. भिंत बघून गिऱ्हाईक परत फिरलं, म्हणून दिवसाच्या भाड्यानं देतात, शनिवार-रविवारी सवलत असते. तुम्ही गेला असाल, नाहीतर जाल. पुस्तकं वाचणारी माणसं जातात अशा ठिकाणी, मी आमच्या दुकानात बघते ना. तुम्हाला आत सोडतात. पास तेच देतात, वर गार पाण्याची बाटली. तर एक करा. तलावाकडे जायच्या आधी आठव्या बंगल्याच्या कोपऱ्यावर या, दगड संपतात तिथे. घर दिसेल. पायातलं काढा, भिजेल. फोटो काढू नका, त्यांचा एकदा काढून झालाय. मी सांगितलं म्हणूनही सांगू नका, चिडतील.

"बरी आहे" म्हणाल्या तर ऐकून घ्या, पण विश्वास ठेवू नका. पाणी उंबऱ्याच्या आत आहे का बाहेर, ते स्वतः बघा. आणि कुणी दिसलं नाही, तर मागे फिरू नका हो. दारात उभं राहून हाक मारा, लाटांच्या वर जाईल अशी. "टिकलीची आजी" म्हणून मारा. बाकी कशाला नाही दिली तरी त्या हाकेला त्या ओ देतात. ती ओ आली का, तेवढं मला कळवा.